तीन मिनिटं झाली, वाढवू का?

खांदा कॉलनीतला तो फ्लॅट आम्ही भाड्याने घेतला तेव्हा त्यात एक हॉल, स्वयंपाकघर, एक बेडरूम, मागची बाल्कनी आणि आत्या एवढ्या गोष्टी मिळणार होत्या. आत्या करारात लिहिलेली नव्हती, पण मालकाने फोनवर स्पष्ट सांगितलं होतं. "सोसायटी बॅचलर पोरांना घर देत नाही. दुसऱ्या बेडरूममध्ये माझी आत्या राहते. ती आहे म्हणजे घरात फॅमिली आहे असं धरतील. चालत असेल तर बघा." मालक बंगळुरूला नोकरी करायचा. त्याने हे ज्या घाईने सांगितलं त्यावरूनच आम्ही सावध व्हायला हवं होतं. पण आम्ही तिघे महिनाभर नवीन पनवेल पालथं घालत होतो. 'काय करता?' या प्रश्नाला 'गाणं-बजावणं' असं उत्तर दिलं की एजंट लोक फोन कानाला लावून लांब जाऊन उभे राहायचे. आम्ही हो म्हणालो.

आम्ही तिघे म्हणजे मी, कीबोर्डवाला आणि गायक. मी साताऱ्याकडचा, ढोलकी आणि हाताने वाजवता येईल ते सगळं वाजवणारा. कीबोर्डवाला महाडचा, जिभेने तिखट. गायक इथलाच, उलव्याचा. पण त्याच्या घरासमोर टॉवरचं काम दिवसभर धडधडत असायचं, घरात आजी आणि लग्नाची बहीण, त्यामुळे रियाजाला जागा नव्हती. आमची स्वतःची गाणी होती, ती आम्ही कुठेतरी ऐकवणार होतो, आणि तोवर पोट भरायला आसपासच्या गावांत हळदीला वाजवत होतो. या भागात लग्नापेक्षा हळद मोठी. ज्याच्याकडे चांगला आवाज, त्याला सीझनमध्ये श्वास घ्यायला वेळ नसतो. आणि आमच्या गायकाचा आवाज नुसता चांगला नव्हता, तो फार मोठ्या दर्जाचा होता. मी खूप गायकांच्या मागे बसलो आहे, म्हणून हे सांगतो.

दार आत्याने उघडलं.

"काकू, आम्ही नवे भाडेकरू," कीबोर्डवाला म्हणाला.

"मी कोणाच्याही काकाशी लग्न केलेलं नाही," ती म्हणाली. "आत्या म्हणायचं. चपला डावीकडे."

बुटकी, अडुसष्ट वर्षांची, कडक इस्त्रीची सुती साडी आणि मनगटावर मोठ्या डायलचं पुरुषी घड्याळ. तोंडावर आम्ही तिला 'तुम्ही' म्हणायचो, माघारी 'ती'. इथेही मी 'ती'च म्हणणार आहे, कारण आता ती माझीही आत्या आहे आणि आत्याला कोणी अहो-जाहो करत नाही.

चौतीस वर्षं तिने टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर म्हणून काढली होती. तिच्या उमेदीच्या काळात परगावी फोन लावायचा म्हणजे ट्रंक कॉल लावावा लागे. ऑपरेटर जोडून देई, आणि तीन मिनिटं झाली की मध्येच लाइनवर येऊन विचारे, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" एक्स्चेंज सुटलं तरी हे वाक्य तिला सुटलं नव्हतं. बाथरूममध्ये गेलं की बाहेरून टकटक व्हायची, "तीन मिनिटं झाली, वाढवू का?" मैत्रिणीशी फोनवर बोलत बाल्कनीत उभं राहिलं की मागून तेच. पहिल्या आठवड्यात कीबोर्डवाल्याने अंगाला साबण लावलेला असताना आतून ओरडून 'वाढवा!' असं सांगितलं, आणि तीन मिनिटांनी ती मुदतही संपली.

तिच्या तोंडाचा पट्टा सकाळी सहाला सुरू व्हायचा. ओला टॉवेल खुर्चीवर नको, उपाशीपोटी चहा नको, दही रात्री नको, कानात ती बोंडं घालून झोपायचं नाही, केस कापायला जा, आईला फोन केलास का, काय म्हणाली, बरं वाटत नाही का तिला, मग विचारलं का नाहीस. आमचा एक मित्र एकदा दिवसभर घरी राहिला आणि जाताना म्हणाला, "अरे, तुमच्यावर विनोदी मालिका निघेल." कीबोर्डवाल्याने हे मनावर घेतलं. त्या दिवसापासून तो रोज जेवताना हळूच भागाचं नाव जाहीर करायचा. 'भाग बारावा, आत्या आणि ओला टॉवेल.' 'भाग सत्ताविसावा, सुकटीचा वनवास.' गायकाच्या आईने उलव्याहून सुकट पाठवली होती तेव्हाचा हा भाग. आत्या मासे खायची नाही. तिने बाल्कनीत वेगळी शेगडी मांडली, वेगळी कढई आणली, आणि गायक सुकट परतत असताना नाकाला पदर लावून शेजारी उभी राहून "गॅस बारीक कर, करपेल" असं सांगत राहिली.

आत्याबाईला मिशा असत्या तर काका म्हटलं असतं, असं म्हणतात. मिशा नसतानाही आमच्या बाबतीत तीच आई, तीच बाप आणि तीच वॉर्डन होती. मला खरं सांगायचं तर पहिलं वर्ष तिचा वैताग यायचा. मी चोवीस वर्षांचा होतो. घर सोडून इतक्या लांब आलो ते 'जेवलास का?' हा प्रश्न ऐकायला नाही, असं मला वाटायचं. हा प्रश्न ती प्रत्येकाला विचारायची. आम्हाला, गॅस सिलिंडरवाल्याला, तक्रार घेऊन आलेल्या सोसायटीच्या सेक्रेटरीला. आमच्या आवाजाबद्दल तो भांडायला आला, तेव्हा त्याला बसवून थालीपीठ खायला घातलं आणि सांगितलं, "पोरं अकरा ते एक आणि पाच ते आठ वाजवतात. तुमचा मिक्सर सकाळी साडेसहाला चालतो. दोन्ही आवाजच आहेत." तो पुन्हा आला नाही.

आमच्या रियाजाला ती हॉलमध्ये मेथी निवडत बसायची आणि मतं द्यायची. तिला गाण्यातलं काही कळत नाही याबद्दल आमचं एकमत होतं. सकाळी पूजा करताना ती स्वतः गायची, पण सूर तिच्यापाशी थांबतच नसत, विनंती थांब्यावर न थांबणाऱ्या एसटीसारखे सरळ पुढे जात. म्हणून दुसऱ्या वर्षी हळदीच्या ऐन सीझनमध्ये एका दुपारी ती म्हणाली, "याच्या आवाजात हवा येतेय," तेव्हा आम्ही हसलो.

"हवा म्हणजे?" मी विचारलं.

"शब्दाच्या आधी हवा येते. आधी नव्हती. पंधरा दिवस झाले. वरच्या पट्टीत जाताना तर फारच."

"सीझन हाय आत्या," गायक म्हणाला. "सगल्यांचाच बसतो."

"बसणं वेगळं. हे वेगळं आहे. डॉक्टरला दाखव."

बुकिंग घ्यायचं काम माझ्याकडे होतं. पुढच्या दहा दिवसांत सहा हळदी होत्या. मी म्हणालो, "आत्या, टेलिफोन आणि गाणं यांत फरक असतो." हे वाक्य मी जसं बोललो तसं लिहिलं आहे. त्यावर ती मेथी उचलून आत गेली.

सहापैकी चौथ्या हळदीत गायकाने एक उंच सूर घेतला आणि तो मधूनच तुटला. लोकांना वाटलं माइक गेला. मी त्याच्या मागेच बसलो होतो, माइक चालू होता. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने तोंड उघडलं तर पत्रा घासल्यासारखी खरखर आली.

आत्या तेव्हा आम्हाला काहीही बोलू शकली असती. मी वाटच बघत होतो. तिने फक्त घड्याळ पाहिलं, छत्री घेतली आणि त्याचं मनगट धरून त्याला जिन्यावरून खाली नेलं. रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी कसाबसा बसलो. घशाच्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं आणि पडद्यावर दाखवलं. पांढऱ्या दोन पट्ट्या होत्या आणि त्यातली एक लालभडक झाली होती.

"स्वरतंतूवर रक्त साकळलंय," ते म्हणाले. "दोन आठवडे एक शब्दही बोलायचा नाही. कुजबुज तर अजिबात नाही. पाळलं तर बहुतेक निवळेल. नाही पाळलं तर डाग राहील, आणि मग पूर्वीचा आवाज परत येईल असं मी सांगू शकत नाही."

गायकाने माझ्याकडे बघितलं. त्याच्या बहिणीची हळद बरोबर बाराव्या दिवशी होती. ती दहा वर्षांची असताना त्याने तिला शब्द दिला होता की तुझ्या हळदीला मी गाणार, आणि हे अख्ख्या गावाला माहीत होतं. डॉक्टरांना त्याने बोटांनी बारा करून दाखवले. त्यांनी नकारार्थी मान हलवली. आठवडाभर आधी मी एक बाई काय सांगते ते ऐकलं असतं तर ही वेळ आली नसती, हे मला तेव्हाही कळत होतं आणि आजही कळतं.

पहिल्याच दिवशी तो तीनदा बोलला. एकदा फोनवर 'हॅलो', एकदा मी विचारलं म्हणून 'नको', आणि एकदा ठेच लागली तेव्हा. तिन्ही वेळा त्याच्या लक्षातही आलं नाही. आत्याने तिन्ही मोजले. संध्याकाळी ती बाहेर गेली आणि शाळेच्या दुकानातून चार पाट्या आणि पेन्सिलींची डबी घेऊन आली.

"बोलत्या घरात एकटा माणूस मुका राहू शकत नाही," ती म्हणाली. "उद्यापासून या घरात कोणीच बोलणार नाही."

"तुम्हीसुद्धा?" कीबोर्डवाल्याने विचारलं.

"आधी मी. आत्तापासून."

"आणि आग लागली तर?"

"तर बाहेर जाऊन ओरड."

हे तिचं शेवटचं वाक्य. नंतर आम्ही दोघांनी जिन्यात जाऊन हसून घेतलं. जित्याची खोड, कीबोर्डवाला म्हणाला, उद्या सकाळच्या चहापर्यंत टिकली तरी खूप झालं. मीही तसंच धरून चाललो होतो.

सकाळचा चहा झाला. दुपारचं जेवण झालं. ती बोलली नाही.

तिला ते किती जड जात होतं हे दिसायचं. टॉवेल खुर्चीवर पडलेला दिसला की तिचे ओठ उघडत, हात पाटीकडे जाई, पण लिहीपर्यंत रागाची धार गेलेली असे, मग ती स्वतःच उठून तो वाळत घालायची. दोन दिवसांत तिने स्टीलच्या डब्यावर चमचा वाजवून एक पद्धत बसवली. एक ठोका म्हणजे चहा, दोन म्हणजे पानं वाढली आहेत. बाथरूमच्या दारावर तीन ठोके, ते काय आहेत हे सांगायची गरज नव्हती. ठोक्यांमधलं अंतर नेहमी सारखं. मी ताल धरणारा माणूस, मला ते जाणवायला चौथा दिवस उजाडावा लागला. जिला सूर सापडत नाही म्हणून आम्ही हसायचो तिची लय माझ्यापेक्षा पक्की होती.

आम्ही दीड वर्ष ज्या शांततेसाठी देव पाण्यात घालून बसलो होतो ती आता घरात होती आणि ती आम्हाला सहन होत नव्हती. पंख्याचा आवाज येऊ लागला. फ्रीज मध्येच गुरगुरतो हे कळलं. अळीमिळी गुपचिळी करून चार माणसं जेवायला लागली की भाकरी मोडल्याचाही आवाज होतो. खरं तर तीन माणसं, कारण आत्या आमच्याबरोबर जेवायला बसत नसे. तिसऱ्या दिवशी खालच्या मजल्यावरच्या बाई वर आल्या आणि दारातूनच घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "तुमच्याकडे सगळं ठीक आहे ना? काहीच ऐकू येत नाहीये." आत्याने त्यांना पाटीवर लिहून दाखवलं, 'ठीक. जेवलात का?'

रविवारी तिच्या भाच्याचा, म्हणजे आमच्या मालकाचा फोन यायचा. आठवड्यातला तिचा तो एकच फोन. ती शनिवारपासून त्याला काय काय सांगायचं ते जमवत असे. त्या रविवारी तिने फोन उचलला आणि चमच्याने रिसीव्हरवर दोनदा वाजवलं. पलीकडून 'आत्या? आत्या!' असं ओरडणं आम्हाला हॉलमध्ये ऐकू आलं. ती ऐकत राहिली, मग तिने फोन ठेवला. लगेच माझा मोबाइल वाजला. मी जिन्यात गेलो आणि सगळं सांगितलं.

"आत्या? दोन आठवडे?" तो हसायला लागला, मग थांबला. "माझ्या दहावीच्या वर्षी तिने घरात रेडिओ लावला नव्हता. वर्षभर. तिला त्याच्याशिवाय झोप यायची नाही. मी नापास झालो, तरी पुढच्या वर्षीही लावला नाही." एवढं बोलून त्याने आमचं भाडं वेळेवर येतं ना, असं उगाच विचारलं. त्याला ते चांगलं माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी मला लवकर जाग आली. स्वयंपाकघरातल्या देव्हाऱ्यासमोर आत्या बसली होती. ओठ हलत होते, मान डोलत होती, हात टाळीला जवळ येत होते, पण तळहात एकमेकांना टेकत नव्हते. ती तिचं रोजचं गाणं आवाजाशिवाय म्हणत होती. मी दारात उभा राहून ते शेवटपर्यंत बघितलं. त्या गाण्याची मी अनेकदा नक्कल केली होती, तीही तिला ऐकू जाईल अशा बेताने. मला स्वतःची लाज वाटली.

नवव्या दिवशी गायकाचे वडील आले. उंच, करड्या मिशांचे, पांढऱ्या शर्टातले गृहस्थ. पत्रिका घेऊन आले होते, पण बसायच्या आधीच त्यांनी विषय काढला.

"पोरीची हलद हाय. भाव गायला नाय तं लोकां काय बोलतील? दोनच गानी म्हन. मोठी नको. दोन गान्यान् काय व्हतंय?"

गायक पाटी हातात धरून खाली बघत बसला. त्याचे डोळे भरलेले मला दिसत होते. वडील आत्याकडे वळले.

"बाय, तुमी सांगा याला. तुमचा ऐकतो त्यो."

आत्याने पाटी घेतली. पुष्कळ वेळ लिहिलं, पुसलं, पुन्हा लिहिलं. त्यांनी चष्मा लावून एकेक शब्द मोठ्याने वाचला. 'आज दोन गाणी म्हणेल. उद्या लेकीच्या बाळाच्या बारशाला कोण म्हणेल?'

"ते समदा बरोबर हाय," ते चिडून म्हणाले. "पन तुमी बोलत का नाय? मी काय परका हाय? पाटीवर लिवून काय दाखवताव?"

आत्या उठून पाणी आणायला गेली. मी त्यांना हाताने बाहेर बोलावलं आणि जिन्यात उभं राहून सांगितलं की ही बाई सकाळी सहा ते रात्री दहा न थांबता बोलणारी आहे आणि तुमच्या मुलासाठी नऊ दिवस तिने एक अक्षर काढलेलं नाही. आपल्या भाच्याशीसुद्धा नाही. ते चप्पल काढून पुन्हा आत आले. पाणी प्यायले. पत्रिका दोन्ही हातांनी आत्यापुढे धरली. मुलाच्या डोक्यावर हात ठेवला, आणि निघाले. उंबऱ्यावर थांबून त्यांनी खुणेने आमची पाटी मागितली आणि मोठ्या वेड्यावाकड्या अक्षरांत लिहिलं, 'सगले या.'

बाराव्या दिवशी आम्ही सगळे गेलो. अर्धवट बांधलेल्या दोन टॉवरांमधल्या मोकळ्या जागेत मांडव घातला होता. ऊन उतरत होतं. बहीण पाटावर बसली होती, तोंड, हात, पाय पिवळे. शेजारी धवलारीण, म्हणजे लग्नातल्या विधींची गाणी म्हणणारी म्हातारी, डोळे मिटून गात होती. आत्या तिच्याजवळ जाऊन बसली. घराबाहेरही ती बारा दिवस बोललेली नव्हती, भाजीवाल्याशीसुद्धा बोटांनीच व्यवहार चालला होता. तिच्या मते जीभ ही काही बटणावर चालत नाही, तिला सूट दिली की ती घरातही घेते. हे तिने पाटीवर लिहूनच सांगितलं होतं.

विधी झाले आणि वाजवायला सुरुवात झाली. थोड्याच वेळात मागून पोरांनी गायकाच्या नावाचा पुकारा सुरू केला. आधी चार जण, मग सगळा मांडव. त्यांना दुखण्याचं माहीत होतं, पण मांडवात कोणाला काही आठवत नाही. कोणीतरी माइक त्याच्या हातात दिला. त्याने बहिणीकडे बघितलं. तिने मानेने नको म्हटलं, पण ती रडत होती, आणि तिचं रडणं त्याला दिसलं. तो उठून उभा राहिला. त्याने श्वास घेतला. मी त्याच्या मागे बसलो होतो. हा श्वास मला पाठ आहे, खांदे थोडे मागे जातात, मग सूर येतो. मी उठायला हवं होतं. माझे हात ढोलकीवर तसेच राहिले.

आत्या उठली. गर्दीतून वाट काढत आली, त्याच्या हातातून माइक काढून घेतला आणि तोंडाशी धरला. बारा दिवस न वापरलेला आवाज होता. पहिल्यांदा नुसती खरखर आली. तिने घसा साफ केला आणि एक्स्चेंजमधल्या त्या सरळ, थंड, सगळ्या महाराष्ट्राने कधीतरी ऐकलेल्या आवाजात म्हणाली,

"या नंबरवर सध्या बोलता येणार नाही. कृपया दोन महिन्यांनी प्रयत्न करा."

मांडव असा हसला की वरच्या झिरमिळ्या हलल्या. मागून एक बाई ओरडली, "मंग तुमीच गावा की!" मला वाटलं आता ही माइक ठेवेल. तिने ठेवला नाही. ती गाऊ लागली. जात्यावरच्या ओवीसारखं काहीतरी होतं, बहीण सासरी निघाली आणि भाऊ वाटेत उभा आहे असं. शब्द बहुधा तिचे तिनेच जुळवले होते. सूर नेहमीसारखे तिच्याजवळून निघून जात होते. पण अडुसष्ट वर्षांची ती बाई शेकडो अनोळखी माणसांसमोर, हसतील हे पक्कं माहीत असताना, डोळे उघडे ठेवून गात होती. कशासाठी, तर दुसऱ्या कोणाला तोंड उघडायला लागू नये म्हणून. मी ढोलकी हळू तिच्याखाली घातली. लय तिनेच धरली होती, मी फक्त मागे गेलो. दुसऱ्या ओवीला धवलारणीने आपला आवाज तिच्यात मिसळला, मग बायकांनी, आणि मग कोणाचा सूर कुठे चुकतोय ते कळेनासं झालं. गायक खाली बसून टाळ वाजवत होता. बहीण हसत होती आणि हळदीचे ओघळ गळ्यावर उतरत होते.

घरी परतल्यावर आत्याने पाटी घेतली आणि आम्ही विचारायच्या आधीच लिहिलं, 'घराबाहेर बोलले. नियम घरापुरता होता.' कीबोर्डवाल्याने त्याखाली लिहिलं, 'भाग दोनशे सहावा, आत्या जिंकली.' अशा तऱ्हेने ती मालिका तिला कळली. तिने 'दोनशे सहा' या आकड्याखाली रेघ ओढली आणि बाजूला मोठं प्रश्नचिन्ह काढलं.

पंधराव्या दिवशी डॉक्टरांनी पुन्हा दुर्बीण घातली. दोन्ही पट्ट्या पांढऱ्या दिसल्या. एका कडेला किंचित गुलाबी होतं. "निवळलं," ते म्हणाले. "पण लगेच गायचं नाही. आधी नुसतं बोला. हळू, रोजच्या आवाजात. एका वेळी तीन मिनिटं, त्याहून जास्त नाही." त्यांनी तीनच का सांगितली मला माहीत नाही. मी आणि कीबोर्डवाल्याने एकमेकांकडे बघायचं टाळलं.

दुपारी एकला घरी आलो. आत्याने आमची तिघांची पानं मांडली, घड्याळ काढून ओट्यावर उभं केलं आणि गायकाला मानेने खूण केली. त्याने आधी बहिणीला सासरी फोन लावला. त्याचा आवाज लहान होता, जपून टाकलेल्या पावलासारखा, पण त्यात हवा नव्हती. मी कान देऊन ऐकत होतो. दोन मिनिटांत त्याने फोन ठेवला. आम्हाला वाटलं आता तो उरलेलं एक मिनिट आमच्याशी बोलेल. तो स्वयंपाकघराच्या दारात जाऊन उभा राहिला. आत्या नेहमीप्रमाणे ओट्याशी उभी होती, आमची जेवणं उरकल्यावर तिथेच उभ्याने काहीतरी खाऊन घेण्यासाठी.

"आत्या," तो म्हणाला, "तुमी जेवल्या का?"

दीड वर्ष आम्ही त्या घरात राहत होतो. दिवसातून दोनदा तिच्या हातचं जेवत होतो. हे तिला आमच्यापैकी कोणी कधी विचारलं नव्हतं. कदाचित त्याआधीही कोणी विचारलं नसेल. एका 'नाही'ला जिला पाच वाक्यं लागत ती आत्या म्हणाली, "नाही."

मी उठून चौथं ताट घेतलं. कीबोर्डवाल्याने पाट सरकवला. ती हात पुसत आली आणि आमच्याबरोबर बसली, पहिल्यांदाच. पहिला घास हातात धरून तिने मान वळवून ओट्यावरच्या घड्याळाकडे बघितलं.

"तीन मिनिटं झाली," ती गायकाला म्हणाली. "आता गप्प जेव."

ते म्हणताना तिच्या आवाजात, शब्दाच्या आधी, थोडी हवा आली. ती घशाच्या दुखण्याची नव्हती, एवढं मला ऐकू आलं. मी ताटात बघत राहिलो आणि तिला भाजी वाढली.